नाइस १९ लावूनही टेसरॅक्ट हलत नाही: लिनक्समध्ये प्राधान्य नक्की चालतं कसं?

जुनीपोथी | रविवार, रात्री १०:५२

मंडळी, आधीच सांगते, मी संगणकवाली नाही. बाबांनी जमवलेल्या जुन्या मासिकांचे दोन पेटारे घरात आहेत. कागद हात लावला की तुटतो. म्हणून दिवाळीपासून एकेक अंक स्कॅन करतेय आणि टेसरॅक्टने त्यातला मजकूर काढतेय. मराठीचं मॉडेल तयार मिळतं. जोडाक्षरं बरी ओळखतं, शाई फुटलेली असली की मात्र काहीही बरळतं.

यंत्र जुनं आहे. चार कोअर, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, त्यावर उबुंटू. एका वेळी चार पानं जावीत म्हणून भाच्याने ही आज्ञा करून दिली:

फाइंड . -नेम '*.टिफ' | एक्सआर्ग्ज -पी ४ -आय{} टेसरॅक्ट {} {} -एल मार

(फोनवरून लिहितेय, कळफलक मराठी आहे. करून बघायचं असेल तर रोमनमध्ये टाइप करा.)

हे चालू असलं की ब्राउझर गोठतो. धाकटी बहीण परदेशात असते, रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. कुठेतरी वाचलं की आज्ञेच्या आधी 'नाइस -एन १९' लावलं की प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, मागे सरते. लावलं. काडीचा फरक नाही. मग उलटं केलं, ब्राउझरलाच 'नाइस -एन -५' लावलं, तर परवानगी नाही म्हणे.

प्रश्न दोन. हे आकडे करतात तरी काय? आणि माझ्याकडेच का करत नाहीत?

ठोकळेबाज | रविवार, रात्री ११:०४

४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क. एसएसडी टाका. धागा संपला.

जुनीपोथी | रविवार, रात्री ११:१०

टाकीन हो. पण आत काय चाललंय ते कळायला नको का?

टर्मिनलकाका | सोमवार, सकाळी ७:२०

कळायलाच हवं. चहा घेऊन बसा, जरा लांबण लागेल.

आधी नावाकडे बघा. नाइस म्हणजे ही प्रोसेस इतरांशी किती सौजन्याने वागते. मी त्याला सोशिकपणा म्हणतो. आकडा -२० पासून १९ पर्यंत. काही न सांगता सुरू केलेली प्रोसेस ० वर असते. आकडा जितका मोठा, तितकी ती सोशिक, म्हणजेच तिचं प्राधान्य तितकं कमी. मोठा आकडा म्हणजे मोठा मान असं समजून इथे भलेभले फसतात.

सोशिकपणा वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. कमी करायचा तर रूट, म्हणजे यंत्राचा मुख्य वापरकर्ता, लागतो. म्हणून तुमचं -५ नाकारलं. गंमत म्हणजे स्वतःचीच प्रोसेस १० वर नेली आणि मग परत ० वर आणायला गेलात, तरी साध्या वापरकर्त्याला नकारच मिळतो. एकदा 'तुम्ही आधी घ्या' म्हणालात की म्हणालात. तुमचा ब्राउझर मात्र त्या नकारानंतरही सुरू झाला असेल. तो नुसती तक्रार छापतो आणि ० वर चालू होतो.

आता आतलं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रत्येक नाइसला एक वजन ठरवून दिलेलं आहे. ० चं वजन १०२४. एकेक पायरी उतरत गेलं की वजन साधारण सव्वापटीने घटतं. १ चं ८२०, ५ चं ३३५, १० चं ११०, आणि १९ चं फक्त १५. वरच्या टोकाला -२० चं ८८७६१. एका कोअरवर दोन भुकेल्या प्रोसेस असल्या, एक ० वर आणि दुसरी १९ वर, तर वेळ १०२४ ला १५ असा वाटला जातो. पहिलीला साडेअठ्ठ्याण्णव टक्के, दुसरीला जेमतेम दीड. ० विरुद्ध १० असेल तर सुमारे ९० आणि १०.

सगळा खेळ प्रमाणाचा आहे. दोघी १९ वर असल्या तर निम्मंनिम्मं घेतील, जणू दोघी ० वरच आहेत. आणि १९ वाली एकटीच असली तर अख्खा कोअर तिचा. नाइस लावलं की प्रोग्राम हळू होतो, हे गर्दीत खरं, रिकाम्या यंत्रावर खोटं.

पंगतीचं उदाहरण घ्या. सोशिक माणूस म्हणतो, 'तुम्ही बसा, आम्ही मागच्या पंगतीला बसू.' तसं.

करून बघायचं तर 'येस' ही आज्ञा शून्यात सोडून द्या, ती कोअर खात बसते. अशा दोन सुरू करा, एक साधी आणि एक नाइस १९ ने. पण 'टास्कसेट -सी ०' लावून दोघींना एकाच कोअरवर कोंबा, नाहीतर चार कोअरच्या यंत्रावर दोघी ऐसपैस बसतील आणि तुम्हाला वाटेल नाइस चालतच नाही. मग टॉप, म्हणजे चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा, उघडून बघा.

गोगलगाय | सोमवार, सकाळी ९:४१

काका, टॉपमध्ये पीआर २० दिसतो आणि 'पीएस -एल' मध्ये त्याच प्रोसेसचा ८०. खरा कुठला?

टर्मिनलकाका | सोमवार, सकाळी ९:५८

दोन्ही खरे, आणि दोन्ही बिनकामाचे. टॉपमधला पीआर म्हणजे २० अधिक नाइस. पीएस तीच गोष्ट ८० पासून मोजतं. प्रत्येकाने आपापली मोजपट्टी आणली आहे. एनआय, म्हणजे नाइसचा, रकाना बघायचा, बाकी सोडून द्यायचं.

एक मात्र. टॉपमध्ये पीआरच्या जागी 'आरटी' दिसलं तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथे नाइसचं राज्य संपतं.

गोगलगाय | सोमवार, दुपारी १:१५

काका, माफ करा, पण तुमचा प्रयोग फसला. जेवणाच्या सुट्टीत केला. एका टर्मिनलमध्ये साधा येस, दुसऱ्यात नाइस १९ वाला, दोन्ही कोअर ० वर. टॉपमध्ये एनआय बरोबर दिसतोय, ० आणि १९. पण सीपीयू ५० आणि ५०! पाच मिनिटं बघत बसलो. दीड टक्का कुठेच नाही.

टर्मिनलकाका | सोमवार, दुपारी १:३०

होणार नाही. टास्कसेट नीट लावलंत का? मी आत्ताच परत केलं, ९८.५ आणि १.५ येतंय.

गोगलगाय | सोमवार, दुपारी १:३६

लावलंय हो. कुठे फोटो टाकू सांगा.

बर्फाळ_नागपूरकर | सोमवार, संध्याकाळी ६:०२

राजेहो, भांडू नका, दोघंही बरोबर आहात. आमच्याकडे आत्ता उजाडलंय, खिडकीबाहेर दोन फूट बर्फ, त्यामुळे सविस्तर लिहितो.

गोगलगाय, तुम्ही दोन टर्मिनल उघडलेत. काकांनी दोन्ही आज्ञा एकाच टर्मिनलमध्ये दिल्या असणार. फरक तिथे आहे.

२०११ साली २.६.३८ या कर्नलमध्ये माइक गॅलब्रेथ यांचा एक छोटा बदल आला, ऑटोग्रुप. तेव्हाची तक्रार अशी होती की एखाद्याने वीस-वीस कामं लावून कर्नल बांधायला घेतला की बाजूला चाललेला व्हिडिओ अडखळतो. वीस जणांच्या घोळक्यात एकटा व्हिडिओ, त्याच्या वाट्याला एकविसावा हिस्सा. उपाय असा केला की एका सत्रातल्या सगळ्या प्रोसेस मिळून एक गट धरायचा आणि आधी गटागटांत वेळ वाटायचा. मग गटाला जे मिळेल ते आतले लोक आपसांत वाटून घेतील. प्रत्येक टर्मिनल हे वेगळं सत्र, नवा टॅब उघडलात तरी वेगळंच.

म्हणजे नाइसची तुलना आता घरातल्या घरात होते. शेजारच्या घराशी नाही. तुमचा १९ वाला येस आपल्या घरात एकटाच राहतो. सोशिकपणा दाखवणार कुणाला? घराला निम्मा कोअर मिळाला, तो सगळा त्याचा.

हे चालू आहे का ते '/प्रॉक/सिस/कर्नल/शेड_ऑटोग्रुप_इनेबल्ड' या फायलीत दिसतं, १ असेल तर चालू. आणि अख्ख्या घरालाच सोशिक करायचं असेल तर त्या प्रोसेसच्या प्रॉकमधल्या 'ऑटोग्रुप' नावाच्या फायलीत १९ लिहायचं. हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. नव्या डेस्कटॉपांवर सिस्टमडी, म्हणजे यंत्रावरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम, प्रत्येक ॲपला वेगळ्या सीग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटात) टाकतं. तिथे सीपीयूचा नियंत्रक लावलेला असला तर ऑटोग्रुप बाजूलाच राहतो, पण परिणाम तोच: नाइसचं वजन गटाच्या आत.

आणि काका, तुमच्या पंगतीवर माझा आक्षेप आहे. मागच्या पंगतीला बसणारा पहिली पंगत उठेपर्यंत उपाशी असतो. नाइस १९ वाला उपाशी नसतो. सगळे एकाच पंगतीत बसतात, फक्त वाढप्याच्या हातातले डाव वेगवेगळे. कुणाच्या पानात पळीभर, कुणाच्या पानात चमचाभर.

टर्मिनलकाका | सोमवार, संध्याकाळी ७:१०

केलं. दुसऱ्या टर्मिनलमध्ये केलं आणि ५०-५० आलं. इतकी वर्षं शिकवतोय आणि हा प्रयोग कायम एकाच खिडकीत केला. गोगलगाय, तुमची माफी मागतो.

डावाचं उदाहरण मान्य. पण मग वाढपी कुणाला आधी वाढायचं हे कसं ठरवतो, तेही सांगा.

बर्फाळ_नागपूरकर | सोमवार, संध्याकाळी ७:५५

तो इतिहास मजेशीर आहे. कुणाला कधी सीपीयू द्यायचा हे ठरवणारा कर्नलमधला भाग म्हणजे शेड्युलर. २.६ च्या सुरुवातीला जो शेड्युलर होता तो अंदाज बांधायचा. ही प्रोसेस बराच वेळ झोपते, म्हणजे माणसाची वाट बघत असणार, हिला आधी द्या. अंदाज चुकले की संगीत अडकायचं. ऑस्ट्रेलियात कॉन कोलिव्हास नावाचे डॉक्टर आहेत, भूल देणारे. ते कर्नलवर हौसेने काम करायचे. त्यांनी दाखवून दिलं की अंदाज सोडा, नुसतं न्याय्य वाटप केलं तरी डेस्कटॉप सुरळीत चालतो. पुढे इंगो मोल्नार यांनी त्याच विचारावर स्वतःचा शेड्युलर, सीएफएस, लिहिला आणि ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ मध्ये तोच आला. डॉक्टर नाराज झाले आणि बाजूला झाले. त्यावरून पुष्कळ धुरळा उडाला. माझं मत विचाराल तर कल्पनेचं श्रेय डॉक्टरांचं आहे.

सीएफएस प्रत्येक प्रोसेसचा एक हिशेब ठेवायचा, आभासी वेळ. खरा वेळ वजनाने भागायचा. जड प्रोसेसचं घड्याळ हळू पळतं, हलकीचं भरभर. ज्याचं घड्याळ सगळ्यात मागे त्याला पुढची पाळी. बस्स. १९ वाल्याने एक मिलिसेकंद खाल्लं की त्याचं घड्याळ जवळजवळ अडुसष्ट मिलिसेकंद पुढे उडी मारतं, मग बिचारा बराच वेळ वाट बघत बसतो.

ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ पासून त्या जागी ईईव्हीडीएफ आहे, पीटर झिलस्ट्रा यांनी आणलेला. मूळ कल्पना आयॉन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांच्या १९९५ च्या लेखातली. घड्याळ तेच, वजनंही तीच, पण आता दोन गोष्टी बघतात: तुझं काही देणं बाकी आहे का, आणि असलं तर तुझी मुदत कधीची. ज्याची मुदत सगळ्यात जवळची तो आधी. थोडं-थोडं पण पटकन हवं असणाऱ्यांची त्यात सोय होते.

ठोकळेबाज | सोमवार, रात्री ८:३०

एवढ्यात एसएसडी बसवून झाली असती.

जुनीपोथी | सोमवार, रात्री ९:२५

डाव आणि घड्याळ दोन्ही समजलं, आभार. पण माझं गाडं अडलेलंच आहे. आज टॉप उघडून त्यातलं उतरवून घेतलं:

लोड ॲव्हरेज १९ च्या आसपास.
यूएस ५८, एसवाय ९, एनआय ०.०, आयडी २, डब्ल्यूए ३१.
खाली चार टेसरॅक्ट, सगळ्यांचा एनआय ०. मध्येच केस्वॅपडी० नावाचं काहीतरी वर येतं.

बर्फाळ_नागपूरकर | सोमवार, रात्री ९:४०

एनआय शून्य? वरच्या ओळीतला एनआय म्हणजे सोशिक प्रोसेसनी खाल्लेला वेळ. तो शून्य आणि खाली टेसरॅक्टही शून्यावर. ताई, नाइस लागलेलंच नाही. आज्ञा जशी दिलीत तशी लिहा बरं.

जुनीपोथी | सोमवार, रात्री ९:४७

नाइस -एन १९ फाइंड . -नेम '*.टिफ' | एक्सआर्ग्ज -पी ४ ... पुढे तेच.

टर्मिनलकाका | सोमवार, रात्री ९:५१

सापडलं! नाइस लागलं फाइंडला. त्या उभ्या रेघेच्या पलीकडे त्याचा काही संबंध नाही. फाइंडने नावांची यादी दिली आणि अर्ध्या सेकंदात बिचारा सौजन्याने निघून गेला. टेसरॅक्ट जन्माला येतो एक्सआर्ग्जच्या पोटी, आणि नाइस हे आईकडून लेकरांकडे जातं. म्हणून एक्सआर्ग्जच्या आधी लावा:

फाइंड . -नेम '*.टिफ' | नाइस -एन १९ एक्सआर्ग्ज -पी ४ ...

चालू असलेल्यांना बदलायचं असेल तर रिनाइस. तिथे एक खोच आहे. 'नाइस -एन ५' म्हणजे आत्ता आहे त्यात ५ मिळवा. 'रिनाइस -एन ५' म्हणजे आपल्याकडच्या लिनक्सवर थेट ५ करा. दिसायला जुळी भावंडं, स्वभाव वेगळे.

झेडशेल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. ते पार्श्वभूमीला टाकलेल्या कामांना स्वतःहून नाइस ५ लावतं. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यावर दोन दिवस घालवले होते.

बर्फाळ_नागपूरकर | सोमवार, रात्री १०:०५

आणि लोड १९ कसा? कामं तर चारच. टेसरॅक्ट ४ ओपनएमपी वापरतो, म्हणजे एक टेसरॅक्ट स्वतःच चार थ्रेड (एकाच प्रोग्राममधली समांतर कामं) काढू शकतो. चार चोक सोळा, चार कोअरवर. ते एकमेकांची वाट बघण्यातच सीपीयू जाळतात. 'ओएमपी_थ्रेड_लिमिट' हा चल १ करून एक्सपोर्ट करा आणि मग आज्ञा द्या. अनेक पानं समांतर चालवताना हे करायचंच.

सोळाच्या वरचे उरलेले कुठून आले? लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये नुसते सीपीयूच्या रांगेतले नसतात. डिस्कची वाट बघत 'डी' अवस्थेत अडकलेलेही मोजतात. तुमचा डब्ल्यूए, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, ३१ आहे, ते तिथले.

सतारवाला | मंगळवार, सकाळी ६:४०

मी घरी सतार ध्वनिमुद्रित करतो. काकांनी वर 'आरटी'चा उल्लेख केला म्हणून लिहितोय, कुणाला मोह होऊ नये.

नाइस ज्यांना लागू ते सगळे साधे लोक. त्यांच्या वर दुसरी जात आहे, रिअलटाइम. तिथे १ ते ९९ असे आकडे, आणि इथे मात्र मोठा आकडा म्हणजे मोठा मान. (मुद्दाम केलंय की काय कोण जाणे.) 'सीएचआरटी' ही आज्ञा वापरून लावतात. फिफो धोरणाखाली असलेली प्रोसेस स्वतःहून थांबेपर्यंत किंवा तिच्याहून वरची कुणी येईपर्यंत कोअर सोडत नाही. आरआर मध्ये एकाच आकड्याचे लोक आळीपाळीने घेतात, एवढाच फरक. काकांची मागची पंगत इथे खरी ठरते. हे उठल्याशिवाय साध्यांना पान मिळत नाही.

माझ्या मुद्रणात टकटक आवाज यायचे, म्हणून हुशारी करून तो प्रोग्राम सुरू करतानाच फिफो ९९ लावला. त्याच्या सगळ्या थ्रेडना तो वारसा मिळाला. त्यातले काही नुसते गोल-गोल फिरणारे निघाले. उंदीर सेकंदाला एकदा किंचित सरकायचा. तो तरी का सरकत होता हे नंतर कळलं. कर्नल रिअलटाइमवाल्यांना दर सेकंदाला ०.९५ सेकंदच देतो, उरलेली ५० मिलिसेकंदं साध्यांसाठी राखून ठेवतो. त्या ५० मिलिसेकंदांच्या उजेडात टर्मिनलमध्ये 'किल' टाइप करायला मला पाऊण तास लागला. बटण बंद करायला हवं होतं, पण अर्ध्या तासाचा मारवा जतन व्हायचा होता.

आता ध्वनीच्या गटात स्वतःला घातलंय, त्या गटाला मर्यादेच्या फायलीत ९५ पर्यंत मुभा आहे, आणि फक्त ध्वनीचा एक थ्रेड वर चढतो. बाकी पडदा, बटणं, आलेख सगळं ० वर.

गोगलगाय | मंगळवार, सकाळी ९:१२

मारवा वाचला का?

सतारवाला | मंगळवार, सकाळी ९:३०

नाही.

पाटीपुस्तक | मंगळवार, सकाळी ११:०५

रिअलटाइमचा विषय निघालाच आहे तर मंगळावरची गोष्ट सांगतो. मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला उतरलं. त्यावर लिनक्स नव्हतं, व्हीएक्सवर्क्स होतं, पण दुखणं सगळीकडचंच. काही दिवसांत यान आपोआप पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागलं. झालं असं की हवामानाचं एक खालच्या प्राधान्याचं काम एक कुलूप धरून बसायचं. तेच कुलूप वरच्या प्राधान्याच्या कामाला हवं असायचं. आणि मधल्या प्राधान्याची कामं येऊन खालच्याला ढकलून द्यायची. म्हणजे मधल्यांमुळे वरचा अडला. रखवालदार टायमरला वाटलं काहीतरी बिघडलं, त्याने रीसेट मारला.

वाढप्यांच्या भाषेत सांगायचं तर वरणाची बादली एका पोराच्या हातात, ते पोर दारात उभं, आणि दारातून पाहुण्यांची ये-जा थांबत नाही. यजमानांच्या पानात भात कोरडाच.

उपाय: कुलूप हातात असेपर्यंत त्या पोरालाही यजमानांचा मान द्यायचा. याला प्राधान्याचा वारसा म्हणतात. पृथ्वीवरून ती सोय चालू केली आणि रीसेट थांबले. लिनक्समध्ये असा वारसा देणारे फ्युटेक्स, म्हणजे अशी कुलपं, २००६ च्या २.६.१८ पासून आहेत. आणि पूर्ण रिअलटाइमचे जे बदल वीसेक वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर वाढत होते, ते २०२४ च्या ६.१२ मध्ये एकदाचे आत आले.

जुनीपोथी | मंगळवार, रात्री ९:१५

नाइस योग्य जागी लावलं. ओएमपीचा चलही लावला. आता टॉप म्हणतं: एनआय ५१, यूएस ४, एसवाय ५, डब्ल्यूए ४०. टेसरॅक्टच्या पुढे १९ दिसतंय. लोड ७ वर आला.

टंकलेखन आता अडत नाही. पण ब्राउझरमध्ये दुसऱ्या टॅबवर गेलं की दहा-दहा सेकंद पांढरं पान. हार्ड डिस्क कुरकुरत असते. केस्वॅपडी० तिथेच. टेसरॅक्ट तर १९ वर आहे, मग आता कोण अडवतंय?

टर्मिनलकाका | मंगळवार, रात्री ९:४४

आता रांग बदलली. सीपीयूची रांग मोकळी झाली, तुम्ही डिस्कच्या रांगेत उभ्या आहात.

चार टेसरॅक्ट, प्रत्येकाच्या पोटात ६०० डीपीआयचं अख्खं पान, वर ब्राउझर. ४ जीबी पुरत नाही. मग कर्नल ज्याला बराच वेळ हात लावलेला नाही अशी मेमरीची पानं (रॅमचे छोटे तुकडे) रॅममधून उचलून स्वॅपमध्ये, म्हणजे तुमच्या फिरत्या डिस्कवर टाकतो. तुमचा मागे पडलेला टॅब नेमका त्यात जातो. त्यावर गेलात की तो डिस्कवरून परत आणावा लागतो. तोवर ब्राउझर डी अवस्थेत झोपलेला. जी प्रोसेस पळायला तयारच नाही तिला प्राधान्य देऊन काय करणार? तिला -२० दिलंत तरी डिस्कची सुई तेवढ्याच वेगाने फिरणार.

डिस्कसाठी वेगळी आज्ञा आहे, आयोनाइस. त्यात तीन वर्ग: १ रिअलटाइम, २ नेहमीचा (आत ० ते ७ पायऱ्या), ३ निवांत, म्हणजे दुसरं कुणी डिस्क मागत नसेल तेव्हाच. 'आयोनाइस -सी ३' लावायला हरकत नाही. पण ती पाळायची की नाही हे डिस्कच्या शेड्युलरवर आहे. '/सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर' मध्ये चौकटी कंसात जे नाव असेल ते चालू. बीएफक्यू असेल तर चांगलं पाळतो. 'नन' असेल तर आयोनाइस म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि तुमच्या बाबतीत स्वॅपची बरीचशी लिखापढी केस्वॅपडीच्या, म्हणजे ही पानं बाहेर काढणाऱ्या कर्नलच्या प्रोसेसच्या, नावावर होते, टेसरॅक्टच्या नाही. त्यामुळे आयोनाइसवर फार भिस्त ठेवू नका.

चारऐवजी दोनच चालवा. -पी २.

गोगलगाय | मंगळवार, रात्री १०:०३

रॅम संपली तर नाइस १९ वाला आधी मारला जातो का? ओओएम किलर त्यालाच पकडतो असं ऐकलंय.

बर्फाळ_नागपूरकर | मंगळवार, रात्री १०:२०

ऐकलेलं जुनं आहे, पण खोटं नव्हतं. पूर्वी सोशिक प्रोसेसचे दोषांक दुप्पट धरायचे. २.६.३६ मध्ये तो हिशेब नव्याने लिहिला आणि ते गेलं. आता कुणी किती मेमरी धरून ठेवलीय ते बघतात, त्यात 'ओओएम_स्कोर_ॲडज' मिळवतात, -१००० ते १०००. -१००० म्हणजे हात लावायचा नाही.

ताई, दोनवर आणूनही जमलं नाही तर सीग्रुप. नाइस हा एकेका प्रोसेसचा स्वभाव, सीग्रुप म्हणजे अख्ख्या कुटुंबाचं अंदाजपत्रक:

सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप -पी सीपीयूवेट=२० -पी मेमरीहाय=१५००एम तुमची_स्क्रिप्ट

सीपीयूवेट १ ते १००००, न सांगितल्यास १००. हे नाइससारखंच, गर्दीतला हिस्सा. खरंखुरं झाकण हवं असेल तर सीपीयूकोटा=५०%, मग यंत्र रिकामं असलं तरी अर्ध्याच कोअरवर. ते तुम्हाला नको, रात्री सगळं मोकळं असताना टेसरॅक्टला का अडवायचं? मेमरीहाय महत्त्वाचं. तेवढ्याच्या वर गेले की टेसरॅक्टची स्वतःचीच पानं बाहेर काढली जातात आणि त्यांचा वेग आवळला जातो. तुमचा टॅब वाचतो. फाइंड आणि एक्सआर्ग्ज दोन्ही एका स्क्रिप्टमध्ये टाका आणि ती स्क्रिप्ट द्या, नाहीतर परत ती उभी रेघ आडवी येईल.

जुनीपोथी | रविवार, रात्री ११:३०

उशीर झाला, पाहुणे होते. आजचा कॉल चालू असताना अंक मुद्दाम लावून ठेवला होता. दोन टेसरॅक्ट, नाइस १९, ओएमपी १, मेमरीहाय १५००. बहिणीने तासभर सासूबद्दल सांगितलं आणि एकदाही तोंड उघडं राहिलं नाही.

आणि एक विचित्र झालं. ९६ पानांचा अंक आधी चारांमध्ये सव्वा तास घ्यायचा. आता दोघांमध्ये पन्नास मिनिटांत झाला.

कॉल संपल्यावर सोशिकपणा काढून घ्यावा म्हणून रिनाइस ० केलं, तर परवानगी नाही म्हणालं. काकांनी सांगितलं होतं तरी करून बघितलं.

टर्मिनलकाका | सोमवार, सकाळी ७:०५

करून बघणारेच शिकतात. आणि काढायची गरजही नव्हती. कॉल संपला, गर्दी गेली, १९ वर असूनही त्याला सगळं मिळतच होतं.

ठोकळेबाज | सोमवार, सकाळी ९:००

एसएसडी?

जुनीपोथी | सोमवार, सकाळी ९:२०

मागवली. दुसऱ्या पेटाऱ्यातले अंक ठेवायला जागा लागणारच आहे.

पाटीपुस्तक | सोमवार, सकाळी १०:४५

विषयांतराबद्दल क्षमा. टेसरॅक्टला तो 'दऱ्या'तला, 'वाऱ्या'तला अर्धा र ओळखता येतो का? माझ्याकडे दर वेळी 'दर्या' होतो. डोंगर गेले आणि समुद्र आला.

जुनीपोथी | सोमवार, दुपारी १२:१०

माझ्याकडे पण. आधीच्या अंकात 'सह्याद्रीच्या दर्याखोर्‍यांत' असं निघालंय, एकाच शब्दात एक चुकला आणि एक बरोबर! यावर वेगळा धागा काढते रात्री, हाताने दुरुस्त केलेल्या शब्दांची यादी आहे माझ्याकडे. आत्ता पुढचा अंक लावलाय.